पार्श्वभूमी नावाची पळवाट

गरिबीतून गुन्ह्याकडे ओढल्या जाणाऱ्या मुलाविषयी मराठी समीक्षा बोलू लागली की तिचे शब्द आधीच ठरलेले असतात. दारिद्र्य ही ‘पार्श्वभूमी’, गुन्हा हा ‘मोह’ आणि शेवट ही ‘अटळ शोकांतिका’. जयवंत दळवींच्या ‘चक्र’मधला (१९६३) बेनवा असो वा जयंत पवारांच्या ‘अधांतर’मधला नरू, वर्गात आपण त्याची व्यक्तिरेखा रंगवून सांगतो, ‘अधांतर’मागचा १९८२चा गिरणी संप मात्र प्रस्तावनेच्या दोन ओळींत उरकतो. मुलाने केले ती कृती आणि मुलावर झाले ती पार्श्वभूमी, ही वाटणी वाङ्मयीन नाही. ती केवळ सोयीची आहे, असे माझे म्हणणे आहे.

ही वाटणी किती पोकळ आहे हे पाहायचे असेल तर मुंबईच्या उपनगरातले, चेंबूरपलीकडचे माहुल पाहावे. भोवती तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच मान्य केले होते. तरीही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या पाडल्यावर तिथल्या कुटुंबांचे ‘पुनर्वसन’ याच हवेत झाले. ८ ऑगस्ट २०१८ रोजी माहुलच्या भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विस्थापितांना दरमहा १५,००० रुपये घरभाडे देण्याचा आदेश दिला. म्हणजे आपल्या ‘पार्श्वभूमी’ला तारखा आहेत, आदेश आहेत, सह्या आहेत. जिच्याखाली कोणाची तरी सही असते ती पार्श्वभूमी नव्हे. ती कृती होय.

आता अशा इमारतीतला एक पंधरा वर्षांचा मुलगा कल्पनेत आणावा. आईची जुन्या वस्तीजवळची धुण्याभांड्यांची कामे सुटलेली, बाप दम्याने घरी बसलेला, शाळा लांब पडलेली. रात्री टँकरमागे कॅन धरून उभे राहण्याचे पैसे कोणीतरी देऊ करतो. चोरट्या तेलाचा धंदा किती निर्घृण असतो, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले आहे. त्या दिवशी मनमाडजवळ तेलमाफियांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारले. मुलापुढे आलेले काम हे असे. त्याला ‘मोह’ म्हणायला धाडस लागते. मोहात सुखाची लालसा गृहीत असते. इथे किराण्याचा आणि बापाच्या औषधाचा हिशेब आहे.

गंमत अशी की, रूक्ष कायदा आपल्या सहृदय समीक्षेच्या पुढे गेला आहे. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ८३ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलाला वापरले कोणी, हा प्रश्न कायदा विचारतो. आपण विचारत नाही. अर्थात कायद्याचीही विसंगती आहेच. बालमजुरी कायद्यातील २०१६च्या दुरुस्तीने १४ ते १८ वयाच्या मुलांना ज्वालाग्राही पदार्थांच्या कामावर ठेवण्यास मनाई केली. अशा पदार्थांच्या शेजारी त्यांना घर देण्यास मात्र कोणाची हरकत नव्हती.

यावरचा आक्षेप परिचयाचा आहे: मग मुलाची जबाबदारी काहीच नाही काय? आहे. त्याला निव्वळ ‘व्यवस्थेचा बळी’ ठरवणे म्हणजे त्याच्याकडून निर्णयाचा अधिकारही काढून घेणे होय. त्याच मजल्यावरचा दुसरा मुलगा कॅन धरायला नकार देतो, त्याला ‘संस्कारी’ म्हणून मोकळे होणे ही तर त्याच पळवाटेची दुसरी बाजू. त्या नकाराची किंमत त्याचे घर रोज मोजते, तिची दखल आपण घेत नाही. निर्णयाचे मोल जरूर करावे. पण समोर पर्याय कोणते होते आणि ते कोणी ठरवले, हे पाहिल्यावर.

तेव्हा ‘नरूची व्यक्तिरेखा स्पष्ट करा’ हा प्रश्न आता पुरे. ‘नरूपुढे कोणते पर्याय होते आणि बाकीचे कोणी बंद केले?’ असे विचारून पाहावे. या प्रश्नाचे उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही. मागच्या बाकावरच्या एखाद्या विद्यार्थ्याला मात्र ते आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.