टॉवरवर अर्धा दिवस जास्त द्या

घाटातल्या गावांत नेट चालत नाही म्हटलं की दोनच उपाय पुढे येतात: टॉवर वाढवा, नाहीतर स्पेक्ट्रम वाढवा. दोन्ही हवेच आहेत. पण उभ्या असलेल्या टॉवरवर, हाती असलेल्या फ्रिक्वेन्सीवरच जवळपास दुप्पट डेटा नेण्याची सोय नव्या बऱ्याच रेडिओंमध्ये असते. ती आपण निव्वळ घाईपायी वाया घालवतो, आणि याची मला मनापासून चीड येते. मी सह्याद्रीच्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह लिंकचं नियोजन करते, म्हणून हे लिहिते आहे.

तुमचा मोबाइल जवळच्या टॉवरशी बोलतो. पण टॉवरपासून पुढे? जिथे फायबर पोचत नाही, किंवा दरड कोसळून, रस्तारुंदीत उकरला जाऊन सारखा तुटतो, तिथे एका डोंगरावरची गोल डिश दुसऱ्या डोंगरावरच्या डिशकडे तोंड करून सगळा भार वाहते. एका डिशकडून दुसरीकडे जाणाऱ्या रेडिओ लहरीतलं विद्युतक्षेत्र वर-खाली थरथरतं किंवा आडवं. उभं पोलरायझेशन आणि आडवं पोलरायझेशन ते हेच. एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच डिशमधून दोन्ही एकदम पाठवता येतात आणि पलीकडे वेगळे काढता येतात. एकातलं थोडं दुसऱ्यात झिरपतंच, पण ते वजा करणारी यंत्रणा रेडिओतच बसवलेली असते. घरच्या डीटीएच छत्रीतही हीच युक्ती आहे: सेट-टॉप बॉक्सनं १३ व्होल्ट दिले की छत्रीवरचा एलएनबी उभी लहर घेतो, १८ दिले की आडवी.

हे ज्ञान आपल्याला परकं नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले. त्यांच्या उपकरणांतून निघणाऱ्या काही लहरींची लांबी पाच मिलिमीटरपर्यंत उतरत होती, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या आसपास. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचा पातळ पत्रा घालून त्यांनी पोलरायझर केला. तागाच्या पिळलेल्या जुड्यांतून लहर सोडून तिचं पोलरायझेशन फिरतं, हेही दाखवलं. आज टॉवरवर जे रेडिओ आपण चढवतो, त्यांची फ्रिक्वेन्सी बोसांच्या त्या टप्प्यात कधीच पोचली आहे.

अडतं ते बसवताना. डिश जुळवताना टॉवरवर चढणारा कामगार, म्हणजे रिगर, वर बांधलेला, वाऱ्यात, हातात सिग्नलची पातळी वाचायला मल्टिमीटर. खालून एकच प्रश्न जातो, "लेव्हल आली का?" वरून उत्तर येतं, "आली ताई, उतरू का?" एका पोलरायझेशनच्या लिंकला एवढं बहुतेक वेळा पुरतं. दोन चालवायची असतील तर नाही. डिश मुख्य झोताऐवजी बाजूच्या झोतावर अडकली असेल तर उभं-आडवं वेगळं राहतच नाही. शिवाय डिशचा फीड, म्हणजे तिच्यात लहर सोडणारा-घेणारा भाग, किंचित फिरलेला असला तरी फटका बसतो. गणित सरळ आहे: फीड एक अंशानं तिरपा असेल तर झिरपणारा भाग मूळ सिग्नलपेक्षा ३५ डेसिबलनं खाली राहतो. पाच अंशांनी तिरपा असेल तर २१ डेसिबलनंच. डोळ्यांना पाच अंश दिसतही नाहीत.

म्हणून खरी जुळणी उलट दिशेनं करावी लागते. एका टोकानं फक्त उभी लहर पाठवायची, दुसऱ्या टोकानं आडव्यावर ऐकायचं, आणि मीटरवरचा आकडा कमीत कमी होईपर्यंत फीड केसभर-केसभर फिरवायचा. मग तेच उलट बाजूनं. सवयीचा रिगर सगळ्यांत मोठा आकडा शोधतो, आणि आपण त्याला सगळ्यांत लहान शोधायला सांगतो. त्याला ते जमतं, सुंदर जमतं. फक्त वेळ लागतो, आणि मजुरी साइटमागे ठरलेली असेल तर तो वेळ त्याच्या खिशातून जातो.

मग येतो पाऊस. मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, पावासारखा. त्यामुळे आडव्या लहरीला त्याचा मार जास्त बसतो. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत १५ गिगाहर्ट्झची आडवी लहर किलोमीटरमागे सुमारे ८ डेसिबल गमावते, उभी सुमारे ६. अशी सर पाच किलोमीटरभर पसरली, तर आडव्या लहरीची पोचलेली शक्ती उभीच्या मानानं सात-आठ पटींनी कमी होते. वाऱ्यानं थेंब तिरके झाले की उभ्यातलं आडव्यात मिसळायला लागतं. मार्चमध्ये जेमतेम जुळवलेली लिंक आंबोलीच्या जुलैत कशी टिकेल? ८० गिगाहर्ट्झच्या आसपास तर अशा सरीत किलोमीटरमागे ३० डेसिबलच्या घरात नुकसान होतं. तिथे हॉप, म्हणजे दोन डिशांमधलं अंतर, लहानच ठेवावा लागतो, आणि दोन फुटी डिशचा झोत जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे जुळणी आणखीच नाजूक.

माझी पहिली मागणी: दोन पोलरायझेशनच्या प्रत्येक लिंकच्या स्वीकृतीच्या कागदावर उभ्या-आडव्यातला फरक दोन्ही टोकांना, दोन्ही दिशांनी मोजून लिहिलेला असावा. त्या दिवशीचा वेग दाखवणारा स्क्रीनशॉट पुरे मानू नये. कोरड्या दिवशी वाईट जुळणीही चांगला वेग दाखवू शकते. दुसरी: आपत्कालीन कॉल आणि साधा आवाज उभ्या पोलरायझेशनवर ठेवावा, व्हिडिओसारखा जड भार आडव्यावर. पुरात आडवं गेलं तरी १०८ लागला पाहिजे. तिसरी, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची: या जुळणीची मजुरी निविदेत वेगळी ओळ म्हणून यावी आणि ती रिगरच्या हाती पडावी.

खर्च वाढेल, असं मला बैठकांत ऐकवलं जातं. वाढेलच. दोन्ही टोकांच्या गँगचा साधारण अर्धा दिवस जास्त जाईल, वर एक नीट मीटर लागेल. समोरच्या रकान्यात मात्र तिथे दुसरी लिंक टाकण्याचा खर्च मांडा: नवी डिश, नवी फ्रिक्वेन्सी, टॉवरवर वाढलेला वाऱ्याचा भार. यंदाच्या निविदा निघण्याआधी ही दोन्ही गणितं एकाच कागदावर मांडली जावीत, एवढा आग्रह मी धरणार आहे.