भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

साताऱ्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ‘यांना विजेवर चालणारी जुनी घड्याळं जमवायचा नाद लागला आहे. दिवाळीत माझ्या साडीचे पैसेसुद्धा मुंबईच्या चोरबाजारात गेले. घरात घड्याळं तीन, पण एकही धड वेळ दाखवत नाही! हे दौऱ्यावर गेले की तिन्ही भंगारात घालू का?’

थांबा हो बाई! राग अगदी रास्त आहे, पण भंगारवाल्याला इतक्यात हाक मारू नका. तबकड्यांवरची नावं तुम्ही कळवलीत, हे फार बरं झालं.

काचेच्या घुमटाखालचं ‘ब्यूल’ हे फ्रेंच घड्याळ. १९२०च्या दशकात अशी घड्याळं निघाली. त्याला भिंतीतली वीज लागतच नाही, दीड व्होल्टचा एक सेल पुरतो. सेल जोडून लंबकाला हलका झोका द्यावा. थोडं हलून थांबला, तर सेलची टोकं उलटी लावून पाहावीत.

दुसरं ‘स्मिथ सेक्ट्रिक’ इंग्लंडचं. १९३०च्या दशकातली यातली बरीच घड्याळं प्लग लावूनही आपणहून चालत नाहीत. मागची कळ हाताने फिरवून द्यावी लागते. चूल पेटायला फुंकर लागते ना, तसंच! वीज गेली की पुन्हा तेच.

तिसरं ‘टेलेक्रॉन’ अमेरिकेचं. ते वीजप्रवाहाच्या आवर्तनांवर चालतं. तिथे ती सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला तरी ते तासाला १० मिनिटं मागे पडणारच! त्यात बिघाड काही नाही. ट्रान्सफॉर्मरशिवाय मात्र मुळीच लावू नका, आपल्या २३० व्होल्टने ते जळेल.

आणखी दोन गोष्टी. जुन्या वायरीचं रबर तडकलेलं असतं, तेव्हा जाणत्या वायरमनकडून ती बदलल्याशिवाय प्लग लावायचा नाही. आणि अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचा रंग खरवडू नका, मुलांनाही हात लावू देऊ नका. त्यात रेडियम असू शकतं, चमक गेली तरीसुद्धा.

राहता राहिली साडी! छंद असावा, पण तो दुसऱ्याच्या वाट्यातून नको, हे यजमानांना स्पष्ट सांगायलाच हवं. दरमहा छंदाला किती, ते दोघांनी बसून ठरवा. प्रत्येक घड्याळाचं नाव, किंमत आणि कुठून घेतलं ते वहीत लिहून ठेवा. पुढे मुलांना तीच वही उपयोगी पडेल.

आता एक करा. एक सेल आणा आणि ते दौऱ्यावरून परततील तेव्हा ‘ब्यूल’चा लंबक हलताना त्यांना दिसू द्या. चहा द्या आणि मगच साडीचा विषय काढा. नाही म्हणायची त्यांची छाती होते का, ते मला जरूर कळवा!