तपासणीचे पैसे मागायला लाजू नका

भिवंडीत कल्याण नाक्यावरून अंजूरफाट्याकडे निघाले की रस्त्याच्या कडेला गाड्यांचे इलेक्ट्रिक काम करणारी दुकाने दिसतात. कोणाची पत्र्याची टपरी, कोणाचा एका शटरचा गाळा. बॅटरी, सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, दिवे आणि त्याबरोबरच डेक व स्पीकर असे सगळे एकाच हाताखाली चालते. यातल्या कोणत्याही दुकानात "उस्ताद, डाव्या बाजूचा आवाज येत नाही" एवढे सांगून पाहा. उत्तर बहुधा ठरलेले असते. स्पीकर गेला, नवा टाकू.

कधीकधी स्पीकर खरोखरच गेलेला असतो. पण पुष्कळदा तो गेलेला नसतो, आणि गेला असला तरी तो का गेला हे कोणी विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याच्या बाबतीत असेच झाले. हा गृहस्थ गोदामातून सुताचे बाचके यंत्रमागाच्या कारखान्यांवर पोचवतो. दिवसाचे दहा-बारा तास गाडीत जातात, त्यामुळे डेक ही त्याच्यासाठी चैनीची वस्तू नाही. दाराचा छोटा स्पीकर जळाला म्हणून त्याने नवा बसवला. पंधरवड्यात तोही जळाला. दुकानदाराने "माल खराब निघाला" म्हणत स्वतःच्या खिशातून दुसरा बसवून दिला, मजुरीही घेतली नाही. तोही जळाला. शेवटी वंजारपट्टी नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराने स्पीकर सोडवला, डेक चालू ठेवून आवाज शून्यावर आणला आणि डेककडून आलेल्या दोन तारांमध्ये मीटर धरला. तिथे साडेपाच व्होल्ट डीसी निघाले. डेकमधला आउटपुट आयसी एका बाजूने बसला होता आणि जो नवा स्पीकर लावावा त्याच्या कॉइलला तो दिवसभर भाजत होता. दोष सापडायला पाच मिनिटे लागली. तोवर दोन नवे स्पीकर कचऱ्यात गेले होते.

पहिला दुकानदार लबाड नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याने पदरचे नुकसान सोसले. चूक त्याच्या नियतीत नव्हती, त्याच्या धंद्याच्या हिशोबात होती. आपल्याकडे पैसा माल विकल्यावर मिळतो, तपासणी फुकट असते. मग कारागिराचा हात मीटरकडे न जाता शेल्फवरच्या खोक्याकडे जातो, यात नवल ते काय?

आपल्या गावात यंत्रमागाचा जॉबर असा वागत नाही. माग बंद पडला तर तो आधी कान देतो, मग धोटा पाहतो, पिकरचा पट्टा पाहतो, ताण्याचा कुठला धागा तुटला ते बोटाने चाचपतो. एक धागा तुटला म्हणून कोणी अख्खे बीम उतरवून फेकत नाही. ज्या गावाने ही शिस्त दोन-तीन पिढ्या पाळली त्या गावातल्या वायरिंगवाल्याला ती शिकवावी लागू नये.

काम काही अवघड नाही. पाचशे-सातशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर त्याला पुरतो. पहिली गोष्ट, दोष कोणत्या अंगाला आहे ते ठरवायचे. डेकच्या मागे डाव्या व उजव्या स्पीकरच्या तारांच्या जोड्या आपसात बदलून पाहाव्यात. मुका आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष डेकचा. जिथल्या तिथे राहिला तर दोष तारेचा किंवा स्पीकरचा. याला मीटरसुद्धा लागत नाही. पण बदलण्यापूर्वी डेक बंद करा. चालू डेकमध्ये तारांची टोके एकमेकींना किंवा बॉडीला लागली तर नसलेला दोष तुम्हीच निर्माण कराल.

मग डेकचा कपलर काढून तारांच्या जोडीवर ओहम मोजायचे. मीटरच्या दोन पिना आधी एकमेकींना टेकवून पाहाव्यात. स्वस्त मीटरमध्ये तिथेच पाव-अर्धा ओहम दिसतो, तो वजा करावा. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण तीन ते पावणेचार दाखवतो. पुरते चार दिसलेच पाहिजेत असे नाही. काहीच दाखवले नाही तर कुठेतरी तार तुटलेली किंवा कॉइल उघडी. जवळजवळ शून्य दाखवले तर तारा आपसात लागल्या आहेत. पुढची चाचणी बहुतेकजण टाळतात आणि तीच महत्त्वाची आहे. जोडीतली प्रत्येक तार आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये मोजायचे. तिथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. थोडे जरी दाखवले तरी तार कुठेतरी पत्र्याला घासून सोलली आहे असे समजा.

तार तुटण्याची ठरलेली जागा म्हणजे दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी. दार दिवसातून पन्नास वेळा उघडते, आतले तांबे वाकून वाकून तुटते आणि वरचे प्लॅस्टिक तसेच शाबूत राहते. डोळ्यांना तार चांगली दिसते. मीटर लावून दार हळूहळू उघडा-मिटा, आकडा नाचू लागला की जागा सापडली. दारात पाणी शिरणे हा आपल्या कोकणपट्टीचा दुसरा रोग. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या आत उतरते, ही गाडीची मूळ रचनाच आहे. ते पाणी आतल्या बाजूला येऊ नये म्हणून कंपनीने प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाडून टाकणारे कारागीर स्वतःच्याच कामाला पुढच्या जुलैची मुदत घालतात. टर्मिनल हिरवे पडते, कागदी कोन फुगतो, आणि मग पुन्हा "माल खराब निघाला".

सुटा केलेला स्पीकर पेन्सिल सेलने तपासता येतो. क्षणभर टेकवला की टक् असा आवाज येतो. सेलचे प्लस स्पीकरच्या प्लसला लावले तर कोन बाहेर येतो. एका स्पीकरचा कोन बाहेर आणि दुसऱ्याचा आत जात असेल तर एक उलटा जोडलेला आहे. आवाज दोन्हीकडून येईल, पण ठोका मेलेला असेल. अशा वेळी गिऱ्हाईक "बेस नाही" म्हणते आणि आपण त्याला मोठा स्पीकर विकतो.

आता आमच्या पिढीच्या एका जुन्या सवयीबद्दल. कॅसेटच्या जमान्यात टीडीए २००३ सारख्या आयसीवर चालणाऱ्या साध्या डेकमधून स्पीकरला एक तार जाई आणि स्पीकरचे दुसरे टोक थेट बॉडीला जोडले तरी चाले. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीत कितीतरी उस्तादांनी अशी तार वाचवली, आणि त्यांचे चुकले नव्हते. आजचे डेक मात्र टीडीए ७३८८ सारख्या ब्रिज पद्धतीच्या आयसीवर चालतात. त्यांत स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सुमारे सहा व्होल्ट असतात. दोन्हींवर सारखेच असल्यामुळे त्यांच्यामध्ये मोजले तर जवळजवळ शून्य येते. यातली मायनस तार सवयीने बॉडीला लावली की स्पीकरवर सरळ सहा व्होल्ट येतात. चार ओहमच्या कॉइलमधून दीड अँपियर सतत वाहू लागतो, संगीत असो वा नसो. नशीब चांगले असेल तर आयसी स्वतःला बंद करून घेतो आणि डेक "प्रोटेक्ट" दाखवतो. नसेल तर दोघांचाही धूर निघतो. उस्तादाने शिकवले ते त्याच्या काळाला बरोबर होते, एवढेच म्हणून पुढे जायला हवे.

ट्रकचा विषय भिवंडीत टाळता येणारच नाही. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर संपली, पण तिच्या हद्दीबाहेर म्हणून इथे उभी राहिलेली गोदामे संपली नाहीत, वाढलीच. माणकोलीच्या बाजूला रात्री उभे राहून पाहा, देशाच्या कानाकोपऱ्यातल्या नंबरप्लेटी दिसतील. जड ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात आणि डेक असतो बारा व्होल्टचा. सोपा मार्ग म्हणून आपला कारागीर एकाच बॅटरीवरून, बॉडीकडच्या, बारा व्होल्ट उचलतो. डेक छान वाजतो, ड्रायव्हर खूश होऊन निघून जातो. इकडे ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते. अल्टरनेटर दोघींना मिळून एकच व्होल्टेज देतो, त्यामुळे रिकामी बॅटरी कधी पुरती भरत नाही आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून उकळू लागते, तिचे पाणी उडते. काही महिन्यांत नाशिक-धुळ्याच्या पुढे कुठेतरी ट्रक सेल्फ घेत नाही. तिथे कोणालाही डेकची आठवण येत नाही, बॅटरीवाल्याला शिव्या पडतात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो. डेकच्या फ्यूजइतके अँपियर सोसणारा घ्यावा आणि त्याच्या आधी वेगळा फ्यूज टाकावा. ड्रायव्हरला हे सांगितले तर तो कन्व्हर्टरचे पैसे देईल, कारण दोन बॅटऱ्यांचा भाव त्याला पाठ असतो. न सांगता एका बॅटरीवर जोडून देणे म्हणजे मालातला ऐब लपवून विकणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिनाबरोबर चढत जाणारी किणकिण ही तक्रार वेगळी. गाडीतल्या रेडिओइतकेच तिचे वय आहे. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये मोटोरोला नावाचा मोटारीचा रेडिओ काढला, तेव्हा त्यांनाही इंजिनाच्या या गोंगाटाशीच झगडावे लागले होते. आपल्याकडे कारण बहुतेक वेळा अर्थिंगचे असते. डेकची काळी तार डॅशबोर्डच्या कुठल्यातरी रंग दिलेल्या स्क्रूखाली दाबलेली असते. इंजिन व हेडलाइट चालू ठेवा, मीटर दोन व्होल्टच्या पट्टीवर घ्या, एक पिन त्या काळ्या तारेला आणि दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला लावा. आकडा दशांश एक व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर रंग खरवडून नीट अर्थ द्या, फिल्टर विकण्याची गरज पडणार नाही. अर्थ चांगला असून किणकिण राहिली आणि चार्जिंगही कमी येत असेल, तर अल्टरनेटरचा डायोड तपासावा.

यावर कारागीर बांधव म्हणतील की हे सगळे ठीक, पण गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही, तो शेजारच्या दुकानात जातो. पहिले काही महिने जाईल. पण टीव्ही दुरुस्त करणारा घरी येण्याचे पैसे वेगळे घेत होता आणि लोक देत होते. पाटी लावा, रक्कम शंभर असो की दीडशे, ती आधी सांगा. दोष सापडला आणि काम तुमच्याकडेच झाले तर ती मजुरीत धरा. दोष सापडला नाही तर घेऊ नका. आणि मीटरने दाखवलेले आकडे चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठी घेऊन गिऱ्हाईक दुसरीकडे गेला तरी तुमचे नाव त्या कागदावर गेलेले असते.

गिऱ्हाईक असलेल्या आपल्या व्यापारी बांधवांनाही एक बोलायचे आहे. दहा टेम्पोंचा मालक हजारो रुपयांचा टचस्क्रीन डेक घासाघीस न करता घेतो आणि दोष शोधणाऱ्या माणसाला शंभर रुपये द्यायचे म्हटले की "नुसते पाहिलेच ना?" म्हणतो. तो पाहण्यासाठीच पंधरा वर्षे शिकलेला असतो.

खोकी विकून हा धंदा आता चालणारही नाही. जो स्पीकर आपण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा लॅमिंग्टन रोडवरून आणतो तो गिऱ्हाईक मोबाइलवरून घरी मागवतो, कित्येकदा आपल्या खरेदीच्या भावात. नव्या गाड्यांमध्ये डेक कंपनीचाच येतो, स्टिअरिंगवरची बटणे आणि मागचा कॅमेरा त्याला जोडलेला असतो, आणि एक तार कापली तरी वॉरंटीचा वाद निघतो. अशा गाडीत तार न कापता कपलरने जोडणी करावी लागते, आणि ती करण्यापूर्वी कोणत्या तारेवर काय आहे हे मोजून घ्यावे लागते. सुट्या डेकच्या तारांचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि काळ्या पट्ट्याची त्या-त्या जोडीतली मायनस. पण गाडीच्या स्वतःच्या वायरिंगमध्ये हे रंग चालत नाहीत, प्रत्येक कंपनीचे वेगळे. तिथे अंदाजाने जोडणाऱ्याला एखादे दिवशी अख्ख्या डेकची भरपाई द्यावी लागेल.

आयटीआयमध्ये मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स या नावाचा ट्रेड आहे. ज्यांच्या हाताखाली शिकाऊ मुले आहेत त्यांनी ती तिकडे पाठवावीत. ते जमत नसेल तर निदान मीटर मुलाच्या हातात द्यावा. पुष्कळ दुकानांत तो उस्तादाच्या गल्ल्यात कुलपात असतो आणि मुलगा वर्षानुवर्षे पान्हे पुसत आणि चहा आणत राहतो.