बिनतारी कार्डाची सकाळची झोंप

भाईंदर पूर्वेस खाडीच्या कांठीं जेसल पार्क नांवाची वस्ती आहे. तेथें आमचें नऊ माणसांचें बिऱ्हाड नांदतें. पहाटे खाडीवर फेरी घालावी, पुलावरून जाणाऱ्या गाड्या पहाव्या आणि घरीं येऊन चहा घ्यावा, हा आमचा निवृत्त शिक्षकाचा नित्यक्रम. गेल्या पावसाळ्यांत त्यांत एक विघ्न उपस्थित झालें.

आमच्या धाकट्या सूनबाई घरूनच एका कचेरीचें काम करतात. नऊच्या ठोक्याला संगणकावर हजेरी न लागल्यास अर्ध्या दिवसाची रजा कापली जाते. संगणक सुरू होई, परंतु त्यांतील बिनतारी जाळ्याचें कार्ड कांहीं केल्या जोडलें जात नसे. बंद करून पुन्हा सुरू करावें, तरी फळ तेंच. खटपटीनंतर केव्हां तरी जमे. पण तीन अर्धे दिवस गेलेच. 'उठावयाचें उशिरा आणि दोष यंत्राला,' असें माजघरांत कोणीसें म्हणालें. कोणीसें कशाला, आम्हीच म्हणालों, आणि तेंहि सूनबाईंना ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें. त्या बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं साडेसातालाच त्यांनीं संगणक आमच्यापुढें आणून ठेवला. "मामंजी, आपणच सुरू करून पहा."

खरोखरच जोडणी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगदीशचंद्र बोस ह्यांनीं कलकत्त्यास बिनतारी लहरी भिंतींपार धाडून घंटा वाजविली. आमच्या येथें मधें भिंतहि नव्हती, अवघें आठ हात अंतर!

तर्कसंग्रह वाचलेल्या माणसास अन्वय-व्यतिरेक शिकवावयास नको. त्याच खोलींत नातवाचा मोबाइल तत्क्षणीं जोडला गेला. म्हणजे राउटर व बाहेरून येणारी तार निर्दोष ठरली. मग चिरंजीवांनीं 'रीस्टार्ट' केलें, तों कार्ड निमूट जोडलें गेलें. 'शट डाउन' करून बटण दाबलें, तर पुन्हा बेपत्ता. एका मार्गानें फळ मिळतें व दुसऱ्यानें नाहीं, तेव्हां हे मार्ग भिन्न असलेच पाहिजेत. आम्ही आजवर दोन्ही एकच समजत होतों.

भेद असा. २०१२ सालीं निघालेल्या विंडोज ८ पासून त्या प्रणालींत 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आहे. 'शट डाउन' केलें असतां उघडलेलीं कामें मिटतात, परंतु प्रणालीचा गाभा व निरनिराळे भाग चालविणारे ड्रायव्हर ह्यांची त्या वेळची स्थिति साठवणींत लिहून ठेवली जाते आणि सकाळीं तीच परत वाचली जाते. त्यामुळें यंत्र लवकर जागें होतें. 'रीस्टार्ट'मध्यें मात्र सर्व मुळापासून सुरू होतें. नांवांवरून उलट वाटावें, पण आहे असें. कार्डाचा ड्रायव्हर रात्रीं ज्या गोंधळांत निजला, त्याच गोंधळांत सकाळीं उठतो. सूनबाईंचा बंद-चालूचा उपाय म्हणूनच फसत होता.

खात्री करण्यास कांहींच बदलावें लागत नाहीं. शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' केल्यास त्या वेळेपुरतें यंत्र पूर्ण बंद होतें. तीन रात्री आम्हीं तसें केलें. तिन्ही सकाळीं जोडणी विनातक्रार झाली. मग कंट्रोल पॅनेलांतील पॉवर ऑप्शन्समध्यें, बटणांनीं काय करावें हें ठरविण्याच्या पानावर, 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' पुढील खूण काढली. ती पुसट दिसत असल्यास, सध्यां बदलतां न येणाऱ्या गोष्टी बदलण्याची ओळ त्याच पानावर आहे, ती आधीं दाबावी. यंत्र आतां किंचित् सावकाश उठतें. तेवढ्यांत चहा गाळून होतो.

एवढ्यानें ज्यांचें कार्ड वठणीवर येणार नाहीं, त्यांनीं डिव्हाइस मॅनेजरमध्यें जाऊन, वीज वाचविण्यासाठीं कार्ड बंद करण्याची जी परवानगी संगणकास असते, ती काढून घ्यावी. 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही सेवा आपोआप सुरू होते ना, हेंहि पहावें. आणि जाळ्याच्या नांवाखालीं 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' ही खूणच नसेल, तर बाकीचा खटाटोप व्यर्थ! नवा ड्रायव्हर लागलाच, तर संगणक बनविणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावा.

सूनबाईंचे तीन अर्धे दिवस परत आले नाहींत. कचेरीस पत्र लिहावयाची आमची तयारी होती. त्यांनीं नको म्हटलें. माजघरांतील तें वाक्य मात्र सर्वांच्या देखत उच्चारलें होतें. म्हणून रविवारीं सगळी मंडळी पानावर बसली असतां आम्हीं तें सर्वांच्या देखतच मागें घेतलें. सूनबाई वाढीत होत्या. "मामंजी, ताकाला भात घेतां ना?" एवढेंच त्या म्हणाल्या.