‘वाचून दाखवले व समजले’ : अणुइंधनाच्या कारखान्यातील तपासणी आणि आपण मराठीचे प्राध्यापक

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेवर आमच्या विभागात चर्चा चालू असताना आम्ही दोघांनी एक साधी सूचना मांडली होती. अहवाललेखन हा घटक शिकवताना वार्षिक स्नेहसंमेलनाचा, वृक्षारोपणाचा आणि सहलीचा अहवाल हे तीनच नमुने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांच्या जोडीला सुरक्षा-तपासणीचा एखादा अहवाल ठेवावा, आणि तो किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्याचा असावा. सूचना हसण्यावारी गेली. ‘अहो, परभणीत तूर, कापूस आणि सोयाबीन पिकते, हे युरेनियम तुम्ही कुठल्या शिवारातून आणले?’ असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. दुसऱ्या सहकारी बाईंचे म्हणणे अधिक गंभीर होते : हा विषय भौतिकशास्त्राचा आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात लुडबुड करू नये. पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज नाही. दुसऱ्याला मात्र आहे. कारण आपल्या साऱ्या मराठी विभागांची या प्रकारच्या विषयांबाबत हीच भूमिका आहे, आणि ती आम्हांला नुसती चुकीची नव्हे तर अप्रामाणिक वाटते.

सूचना आमच्या डोक्यात कशी आली तेही सांगितले पाहिजे. आमचा एक माजी विद्यार्थी, बी. ए.ला मराठी घेतलेला, कंत्राटदारामार्फत किरणोत्सर्गी पदार्थांशी संबंध येणाऱ्या एका ठिकाणी कामाला लागला. ते ठिकाण कोणते, हे येथे सांगण्याचे कारण नाही. पोळ्याला गावी आला तेव्हा तो घडी घातलेला एक कागद घेऊन घरी आला. ‘सर, एवढं वाचून सांगा. सही माझीच आहे याच्यावर.’ कागद इंग्रजीत होता. शेवटच्या ओळीचा आशय असा होता, की वरील सर्व सूचना मला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवण्यात आल्या व त्या मला समजल्या. आम्ही सगळा कागद वाचून दाखवला. ‘कंटॅमिनेशन’ या शब्दाशी आलो तेव्हा तो म्हणाला, ‘ते किरणोत्सर्गच ना?’ आम्ही ‘हो’ म्हणालो. हे उत्तर चूक होते. मराठीची पदव्युत्तर पदवी घेऊन वीस वर्षे शब्दार्थ शिकवणाऱ्या आम्हांला ते चूक असल्याचे कळायला पुढे दोन महिने लागले.

किरणोत्सर्ग हा शब्द आपण वर्गात गुणसंधीचे उदाहरण म्हणून फळ्यावर लिहितो : किरण अधिक उत्सर्ग. विश्वकोशाने या शब्दाची जागा नेमकी ठरवून दिलेली आहे. अस्थिर अणुकेंद्रांतून किरण आपोआप बाहेर पडणे, हा पदार्थाचा गुणधर्म, म्हणजे किरणोत्सर्ग. जे बाहेर पडते ते प्रारण. आणि तो पदार्थच धूळ होऊन नको तेथे, हातावर, जेवणाच्या डब्यावर, फुप्फुसात जाऊन बसणे म्हणजे दूषण. तीन वेगळ्या गोष्टींना तीन वेगळे शब्द असताना वृत्तपत्रांनी आणि त्यांच्यामागून आपण सर्वांनी या तिन्हींना एकाच शब्दाच्या पोत्यात कोंबले आहे. कवितेत याने काही बिघडत नाही. अणुइंधनाच्या कारखान्यात बिघडते.

या कारखान्यात काय चालते ते थोडक्यात पाहू. युरेनियमचे संयुग शुद्ध करून त्याची ऑक्साइडची भुकटी करतात, ती दाबून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या पाडतात, त्या भट्टीत भाजून पक्क्या करतात, घासून मापात आणतात आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. हैदराबादचे न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स १९७१ पासून हेच काम करते. नैसर्गिक युरेनियमच्या कारखान्यात माणसाला मुख्य भय बाहेरून येणाऱ्या किरणांचे नसते. युरेनियमचे अल्फा कण कातडीही भेदू शकत नाहीत. भय असते ते भुकटीचे : ती श्वासातून आत गेली की तेच अल्फा कण फुप्फुसाच्या पेशींना अगदी खेटून मारा करतात, आणि युरेनियम रासायनिक दृष्ट्या मूत्रपिंडाला घातक असते ते निराळेच. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये हंगामभर कापसाचा धुरळा खाल्लेल्या माणसाला ही गोष्ट एका वाक्यात समजेल. त्याला ती त्या वाक्यात सांगितली मात्र जात नाही.

आता छातीवर लावायचा टीएलडीचा बिल्ला घ्या. आमच्या विद्यार्थ्याचा त्याच्यावर देवाच्या ताइतासारखा विश्वास होता. बिल्ला बाहेरून आलेली मात्रा मोजतो. आत गेलेली धूळ मोजत नाही. तिच्यासाठी हवेचे नमुने, लघवीची तपासणी, फुप्फुसांतील किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र असे वेगळे मार्ग आहेत. म्हणजे ‘दूषण म्हणजे किरणोत्सर्गच’ असे उत्तर देऊन आम्ही त्याला सांगितले काय, तर बिल्ला कोरा असला की तू सुरक्षित आहेस. शब्दाची चूक अशी थेट माणसाच्या छातीत उतरते. यानंतरही कोणी हा विषय मराठीचा नाही असे म्हणणार असेल, तर मराठीचा विषय कोणता, हे त्यांनीच आम्हांला सांगावे.

तपासणी हा मुळात वाचनाचा प्रकार आहे. तपासनीस कारखान्यात जातो तेव्हा तो यंत्रे पाहतो हे खरेच. पण त्याहून अधिक तो मजकूर वाचतो. नोंदवह्या, मात्रांचे तक्ते, परवान्यातील अटी, कामाची लिखित पद्धत. कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट, पाच वर्षांत मिळून १००, कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर नाही, ही आपल्याकडची मर्यादा. नोंदीत ती पाळलेली दिसते का, आणि दिसते ती खरी आहे का, हे त्याला पाहायचे असते. लिहिलेले आणि केलेले यांतील अंतर शोधणे हे त्याचे काम. आपण समीक्षा म्हणून जे शिकवतो ते याहून किती वेगळे आहे?

हे अंतर कोणी वाचले नाही म्हणजे काय होते, हे जपानमधील तोकाइमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी दिसले. जेसीओ या कंपनीच्या इंधननिर्मितीच्या कारखान्यात तीन कामगार १८.८ टक्के समृद्ध केलेल्या युरेनियमचे द्रावण तयार करत होते. सरकारने मान्य केलेल्या पद्धतीत हे द्रावण अरुंद, उंच पात्रांतून जायचे होते. पात्राचा तो आकारच सुरक्षेची हमी होता. कंपनीने मात्र वेळ वाचवण्यासाठी सरकारला न विचारता स्वतःची लिखित पद्धत तयार केली होती, आणि तिच्यात स्टीलच्या बादल्या आल्या होत्या. त्या दिवशी कामगार आणखी एक पाऊल पुढे गेले व त्यांनी बादल्यांतील द्रावण थेट एका रुंद टाकीत ओतले. मर्यादा २.४ किलो युरेनियमची होती. टाकीत सुमारे १६ किलो गेले आणि निळा प्रकाश चमकला. साखळी प्रक्रिया सुमारे वीस तास धुमसत राहिली. दोन कामगार पुढील काही महिन्यांत मरण पावले, तीन लाखांवर लोकांना घरात बसून राहण्यास सांगावे लागले, आणि २००३ मध्ये कंपनीचे सहा जण न्यायालयात दोषी ठरले. ज्या अवस्थेमुळे हे घडले तिला मराठीत क्रांतिकता म्हणतात. (आमच्या प्रथम वर्षाच्या मुलांना हा शब्द क्रांतीशी संबंधित वाटतो, त्यात त्यांचा दोष नाही.) त्या कामगारांना तिचे पुरेसे शिक्षण मिळालेले नव्हते. अशा कारखान्यांची ठराविक काळाने तपासणी करण्याची सक्ती जपानच्या कायद्यात आली ती या अपघातानंतर. बादली लिहिलेला तो कागद वर्षानुवर्षे कारखान्यात पडून होता. बाहेरच्या माणसाने तो वाचला नव्हता, एवढेच.

आता आपल्याकडे पाहू. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले ते संसदेच्या कायद्याने नव्हे, तर सरकारी आदेशाने. आणि ते उत्तरदायी होते अणुऊर्जा आयोगाला, ज्याचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचा सचिव असतो. म्हणजे ज्याचे कारखाने तपासायचे त्याच्याच ओसरीवर बसून अहवाल लिहायचा. एप्रिल २००० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे विभाग मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्या अंतर्गत समितीकडे देण्यात आले. तारापूरचा प्रगत इंधननिर्मितीचा कारखाना याच केंद्राचा. तेथे युरेनियमबरोबर प्लुटोनियम हाताळले जाते, आणि प्लुटोनियमची धूळ नैसर्गिक युरेनियमच्या धुळीहून कितीतरी पटींनी घातक असते. हैदराबादच्या कारखान्याची तपासणी मंडळाने करायची आणि आपल्याच महाराष्ट्रातील अधिक धोक्याच्या पदार्थाची तपासणी घरच्या घरी उरकायची, या व्यवस्थेतील तर्क आम्हांला आजवर उलगडलेला नाही. तारापुरात काही विपरीत घडते असा आमचा आरोप नाही. विपरीत घडत नाही, हे सांगणारा मजकूर कोणा त्रयस्थाने लिहिलेला असावा, एवढीच अपेक्षा आहे.

महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये या मंडळाच्या कारभारावर अहवाल दिला. तो मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाने गद्याचा नमुना म्हणून तरी वाचावा असा आहे, कारण त्यात एकही अलंकार नाही. नियम मोडणाऱ्याला कमाल दंड ५०० रुपये! औद्योगिक रेडिओग्राफी आणि किरणोपचार केंद्रे यांच्या तपासण्यांत ८५ टक्क्यांहून अधिक तूट. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांपैकी ९१ टक्के नोंदणीविना. पुढे नोंदणी ऑनलाइन झाली व ती वाढली, हेही नमूद केले पाहिजे. पण ‘परभणीत युरेनियम कुठले’ असे विचारणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील क्ष-किरणाच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या गरोदर बाईकडे एकदा पाहावे. आणि विद्यापीठाची माणसे या साऱ्यापासून दूर असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी दिल्लीचे मायापुरी आठवावे : २०१० मध्ये भंगारात निघालेल्या कोबाल्टने तेथे एका कामगाराचा जीव घेतला. ते कोबाल्ट दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात विकलेल्या जुन्या उपकरणातले होते. आपल्याच व्यवसायबंधूंनी यादीवर सही केली असणार.

नियामकाला स्वायत्तता देणारे विधेयक २०११ मध्ये आले आणि लोकसभेबरोबर विरून गेले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाचा नवा कायदा संमत केला. त्यात मंडळाला अखेर वैधानिक दर्जा मिळाला आणि त्याच दमात या क्षेत्राची दारे खाजगी कंपन्यांना उघडली गेली. कायद्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून संस्कृत शब्द घडवण्याची ही नवी शब्दकळा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच विचारतो, की तपासणीचे अहवाल यापुढे कोण वाचणार आणि कोणत्या भाषेत? मंडळाचे कार्यालय मुंबईत, अणुशक्तिनगरात आहे. त्याचे वार्षिक अहवाल इंग्रजीत व हिंदीत निघतात. मराठीतला आमच्या पाहण्यात नाही.

या बाबतीत मराठी साहित्यविश्वाने काय केले? जैतापूरच्या आंदोलनाच्या काळात, २०१०-११ च्या सुमारास, दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले. एका बाजूला हिरोशिमाचा ढग, करपलेले आंबे, महाप्रलय. दुसऱ्या बाजूला विजेने उजळलेले राष्ट्र. दोन्हींकडे उपमांची रेलचेल होती. रोज सकाळी पाळीवर जाणारा, मोजे चढवणारा, नोंदवहीत सही करणारा माणूस मात्र आमच्या वाचनात कोठे आला नाही. प्रलयाची प्रतिमा वापरणाऱ्याला नोंदवही वाचावी लागत नाही, ही त्या प्रतिमेची मोठीच सोय आहे. ग्रामीण आणि दलित साहित्याने कष्टाच्या कामाचे बारकावे मराठीत आणले, त्यासाठी वेशीबाहेरचे शब्द आणले, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. मग तोच वारसा कारखान्याच्या फाटकाशी येऊन का थबकतो?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण गमतीने म्हणतो. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. त्यांतली एक लिंगेनजवळ होती, आणि त्याच लिंगेनमधला इंधननिर्मितीचा कारखाना मात्र चालू राहिला. तेथे रशियन रचनेच्या भट्ट्यांसाठी इंधन करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्याची कागदपत्रे लोकांसमोर ठेवली गेली, सुमारे ११,००० हरकती आल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हरकतींवर त्याच गावात सुनावणी झाली. अर्थात जर्मन भाषेत. हरकत घेणारे सगळे काही भौतिकशास्त्राचे पदवीधर नसावेत.

आमची सूचना अभ्यासमंडळापर्यंत गेलेली नाही; विभागाच्या इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढीच तिची नोंद आहे. अधिकृत काही होईल तेव्हा होवो. दरम्यान द्वितीय वर्षाच्या वर्गात आम्ही तो कागद, नावगाव झाकून, मराठीत उतरवायला दिला. तेवीस मुलांपैकी एकोणीस जणांनी ‘कंटॅमिनेशन’साठी किरणोत्सर्ग लिहिले. तिघांनी जागा कोरी सोडली. जिंतूरकडच्या एका मुलीने ‘अंगाला लागलेली धूळ’ असे लिहिले होते. तिचे वडील जिनिंगवर जातात. तिचे भाषांतर आम्ही आमच्या त्या विद्यार्थ्याला पाठवले, आणि आमचे आधीचे उत्तर चूक होते हेही कळवले. त्याचा फोन आला. लघवीची तपासणी मागायची असेल तर अर्ज कोणाच्या नावे करायचा, असे तो विचारत होता.