दगड धरून राहणारे जीव

मालवणकडच्या सुगरणीच्या हाती ताजे शिनाणे आले म्हणजे, हिरव्या कडेच्या त्या लांबट शिंपल्यांच्या फटीतून बाहेर डोकावणारा तपकिरी धाग्यांचा झुबका चिमटीत धरून उपटून टाकणे हे तिचे पहिले काम असते. आणि ते ती इतक्या सराईतपणे उरकते, की आपण काय फेकले याचा विचार करण्याचे तिला कारणच पडत नाही. मी मात्र पहिल्यांदा ते काम करायला बसलो तेव्हा तो झुबका काही केल्या तुटेना. बोटांना काचला, नखे दुखली, अखेर सुरी घ्यावी लागली. त्या दिवसापासून तो झुबका माझ्या मनातून गेलेला नाही. पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या तटाखाली जी लाट आपटते आणि जिच्यापुढे मोठमोठे पडावसुद्धा किनाऱ्यावर ओढून ठेवावे लागतात, त्या लाटेत हा बोटभर लांबीचा मऊ देहाचा प्राणी केवळ या धाग्यांच्या आधारावर आपली जागा राखून असतो.

पाण्याखाली एखादी वस्तू चिकटवणे किती अवघड आहे याची कल्पना आपणा कोरड्या जमिनीवर राहणाऱ्यांना सहसा येत नाही. कागदाला डिंक, लाकडाला सरस, फुटक्या कौलाला डांबर अशी आपली सारी साधने कोरड्या पृष्ठभागासाठी घडलेली आहेत. ओल्या दगडावर ती हतबल होतात, याचे कारण असे की पाण्याचे कण दगडाच्या पृष्ठाला इतके निकट बिलगून बसलेले असतात, की बाहेरून आलेल्या चिकट द्रव्याला दगडाचा प्रत्यक्ष स्पर्शच घडत नाही. हा पाण्याचा पातळ पडदा दूर करणे, त्या जागी आपले द्रव्य वाहून जाऊ न देता पसरवणे आणि मग त्या द्रव्याला वेळेवर घट्ट करणे, अशी ही तिहेरी अडचण आहे. खारट पाण्यात आणि लाटांच्या माऱ्यात ती शिनाण्याने कशी सोडवली, हे पाहण्यासारखे आहे.

शिनाण्याला जिभेसारखा एक स्नायुमय पाय असतो. तो बाहेर काढून प्राणी प्रथम दगड चाचपतो, मग पायाचे टोक दगडावर दाबून तेथे एक इवलीशी बंद पोकळी निर्माण करतो आणि त्या पोकळीत निरनिराळी प्रथिने क्रमाक्रमाने सोडतो. पोकळीतील पाणी भोवतालच्या समुद्रापेक्षा अधिक आम्ल राखले जाते, म्हणजे द्रव्य दगडाला भिडण्यापूर्वीच अवेळी घट्ट होत नाही. त्याच वेळी पायावर असलेल्या लांब खाचेत धागा साच्यात ओतल्याप्रमाणे आकार घेतो. काही मिनिटांत पाय मागे घेतला जातो आणि दगडावर एक चपटी टिकली व तिच्यापासून निघालेला एक धागा शिल्लक राहतो. असे अनेक धागे, निरनिराळ्या दिशांना ताणलेले, म्हणजे तो झुबका. धाग्याचा दगडाकडील भाग ताठ, तर देहाकडील भाग लवचिक असतो, त्यामुळे लाटेचा हिसका मऊ शरीरापर्यंत पोचता पोचता ओसरतो. धाग्याच्या वरच्या सालीत तर लोहाचे कण त्या प्रथिनांशी गुंफलेले असतात, त्यामुळे ती साल कठीण असूनही ताणाखाली सहजासहजी तडकत नाही.

या द्रव्याचे मर्म 1981 साली अमेरिकेतील हर्बर्ट वेट आणि मार्विन टँझर यांनी उजेडात आणले. त्या प्रथिनांत ‘डोपा’ या घटकाचे प्रमाण असाधारण असून, दगडाच्या पृष्ठाशी थेट संधान बांधण्याचे काम तोच करतो असे पुढील संशोधनात दिसून आले. हे नाव वैद्यकाला परिचित आहे, कारण कंपवाताच्या रुग्णांना दिले जाते ते औषध हेच. सह्याद्रीच्या झाडीत फिरणाऱ्याला त्याचा आणखी एक धागा सापडतो. ज्या खाजकुहिलीच्या शेंगेला आपण लहानपणापासून भितो, तिच्या बियांतून हेच द्रव्य 1937 साली मद्रासच्या संशोधकांनी वेगळे काढून दाखवले होते. घाटातल्या वेलीच्या बीमध्ये आणि घाटाखालच्या समुद्रातील शिंपल्याच्या धाग्यात निसर्गाने एकच पदार्थ दोन अगदी भिन्न कामांसाठी योजावा, याचे मला आजही नवल वाटते.

कालवाची तऱ्हा निराळी. त्याला धागा नाही आणि एकदा बसल्यावर जागा बदलण्याची सोयही नाही. दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असलेले त्याचे सूक्ष्म पिल्लू योग्य खडक लाभला की आपली डावी शिंप त्यावर टेकवते आणि ज्या चुन्याची शिंप बनलेली आहे त्याच चुन्यात प्रथिने मिसळून ती खडकाशी कायमची जडवून टाकते. म्हणूनच ओहोटीच्या वेळी खडपांवर बसून कालवे काढणाऱ्या स्त्रियांना ती उचलता येत नाहीत, लोखंडी हत्याराने फोडावी लागतात. टोपीसारखे एकच कवच पाठीवर वागवणारी खडकावरची गोगलगाय मात्र चिकटते आणि चालतेही. पाणी चढले की ती शेवाळ खरवडत हिंडते, आणि पाणी उतरण्यापूर्वी पुष्कळदा आपल्या ठरलेल्या जागी परत येऊन, कवचाची कड तेथील खाचेत बसवून, चिकट स्रावाच्या व स्नायूंच्या बळावर दगडाला घट्ट धरून राहते. ज्या दातांनी ती खडक खरवडते त्यांत लोहखनिजाचे सूक्ष्म तंतू असतात, आणि सजीवांनी घडवलेल्या पदार्थांत त्याइतका बळकट पदार्थ ज्ञात नाही, असे इंग्लंडमधील संशोधकांनी 2015 साली मोजून सांगितले.

आणि बार्नेकल? होड्यांच्या बुडाला, धक्क्यांच्या खांबांना चिकटलेल्या, पांढऱ्या ज्वालामुखीसारख्या दिसणाऱ्या या बारीक कवचांना विद्वानांनीही दीर्घकाळ शिंपल्यांच्याच वर्गात घातले होते. 1830 साली जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्यांची पोहणारी पिल्ले पाहून ते खेकडे-कोळंबीचे सगोत्र असल्याचे दाखवले, आणि पुढे डार्विनसारख्या माणसाने आपल्या आयुष्याची आठ वर्षे याच प्राण्याला वाहिली. त्याचे पिल्लू आपल्या दोन स्पृशांवर दगडावरून चालते, चालताना चिकट पाऊलखुणा मागे ठेवते, आपल्या जातीचे इतर जीव जवळ आहेत का याचा अदमास घेते, आणि एकदा जागा मुक्रर झाली की डोके खाली टेकवून जन्मभरासाठी स्वतःला तेथे जडवून घेते.

माणसाने या जिवांकडे आजवर पाहिले ते मुख्यतः वैरभावाने, आणि त्याला सबळ कारणही होते. बुडाला असा थर चढला म्हणजे गलबत मंदावते, इंधन अधिक जळते. शिवाय शिंपल्यांच्याच कुळातला, देहाने किड्यासारखा दिसणारा एक जीव लाकूड आतून पोखरून टाकतो. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटनच्या खाडीकाठी आंग्र्यांच्या आरमाराची जी गोदी खडकात कोरलेली आहे, किंवा 1750 साली मुंबईत लवजी वाडिया यांनी जी कोरडी गोदी बांधली, त्यांच्या बांधणीमागे गलबत पाण्याबाहेर घेऊन त्याचे बूड खरवडण्याची व दुरुस्त करण्याची निकड होती. 1761 साली इंग्रजांनी आपल्या एका लढाऊ जहाजाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र कथिलाच्या संयुगाचा विषारी रंग आला, आणि त्याने बूड इतके स्वच्छ राहू लागले की जगभरची जहाजे त्याने रंगवली गेली.

त्याचा परिणाम फ्रान्समधील आर्काशों उपसागराच्या कालववाल्यांनी सोसला. कालवांची कवचे वेडीवाकडी व जाड होऊ लागली, पिल्ले धरेनाशी झाली. अन्यत्र समुद्री गोगलगाईंच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये उगवून त्या वांझ झाल्या, आणि हे घडण्यास पाण्यात त्या विषाचा नाममात्र अंश पुरेसा ठरला. अखेरीस 2001 साली अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2008 च्या सप्टेंबरात तो अंमलात आला. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था बार्नेकलच्या पिल्लांचा अभ्यास करते, अंबरनाथची नौदल सामग्री प्रयोगशाळा जहाजांच्या रंगांवर काम करते. आणि जो जीव चिकटू नये म्हणून ही धडपड, त्याच्याच चिकटण्याची नक्कल करून ओल्या जखमा सांधणारी द्रव्ये बनवण्याचा उद्योगही जगात चालू आहे. यातील दुसरा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत दोऱ्या सोडून शिनाणे वाढवणाऱ्या बचतगटांच्या स्त्रियांनी तर त्या चिकटण्यालाच आपल्या उपजीविकेचे साधन केले आहे.

आता कोणी विचारील, की समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर बसलेल्या नाशिककराला याचे काय? यासाठी मला सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञाकडे वळले पाहिजे. कलकत्त्याच्या प्राणिसर्वेक्षण खात्यात काम करणाऱ्या होरा यांनी, पहाडी ओढ्यांतील वेगवान प्रवाहात मासे, बेडूकमासे व कीटक कोणत्या इंद्रियांनी दगडाला धरून राहतात, यावर एक विस्तृत प्रबंध 1930 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आणि याच होरांनी, मिश्रा या सहकाऱ्यासमवेत, 1938 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या देवळालीच्या माशांवर लिहिताना, दारणेच्या पाण्यातील एका लहानशा माशाची नवी जात म्हणून नोंद केली व सोसायटीचे क्युरेटर प्रेटर यांचे नाव तिला दिले. त्या माशाला इंग्रजीत आजही देवळालीच्याच नावाने ओळखतात. त्याचे नातलग मासे प्रवाहात तळाच्या दगडांना धरून राहतात. त्यापूर्वी शंभर वर्षे, 1839 साली, दख्खनच्या सांख्यिकी कामावर नेमलेल्या कर्नल साइक्स यांनी आपल्या नद्यांतील ‘मळ्या’ माशाचे मराठी नावच शास्त्राच्या दफ्तरात दाखल केले होते. त्या मळ्याच्या तोंडाखाली तर एक मांसल चकती असते, तीच दगडावर दाबून तो वाहत्या पाण्यात स्थिर राहतो.

या माशांची पकड शिनाण्यासारखी गोंदाची नव्हे. ती दाबाची आणि घर्षणाची आहे, म्हणून तिला खडबडीत, स्वच्छ, वाहत्या पाण्याने धुतलेला दगड हवा. शिनाण्याने कितीही उत्तम द्रव्य घडवले तरी गाळाच्या थरावर बसवलेली टिकली गाळासकट सुटते. मग ज्याच्याजवळ गोंदच नाही त्या माशाची काय कथा? दगडावर सांडपाण्याचा बुळबुळीत थर चढला, वाळू उपसून तळ उघडा पडला, की धरायला जागा राहत नाही आणि खरवडून खायला चांगले शेवाळही राहत नाही. आपल्या गोड्या पाण्यातील शिंपल्यांचेही भवितव्य यात गुंतलेले आहे, कारण त्यांची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात आणि मगच तळाशी उतरतात. मासा गेला की मागोमाग शिंपला जातो.

देवळालीच्या त्या माशाची गणना आज अतिसंकटग्रस्त जातींत होते. ही गोष्ट आपल्या शहरात किती जणांना ठाऊक आहे? शाळेच्या पुस्तकात वाघ आहे, गिधाड आहे. पण ज्याचे नावच आपल्या गावावरून पडले, तो मासा नाही. गोदावरीच्या कुंडांच्या तळाशी ओतलेले काँक्रीट काढावे म्हणून नाशिकच्या नागरिकांनी वर्षानुवर्षे तगादा लावला, तो कुंडांतील जिवंत झऱ्यांसाठी होता आणि योग्यच होता. त्या मागणीत मी एवढीच भर घालू इच्छितो, की नदीचा दगड हा नुसता नदीचा तळ नसून जिवांची जमीन आहे, आणि तिच्यावर सिमेंटचा गुळगुळीत थर देणे म्हणजे त्या जमिनीवरील कुळांना बेदखल करणे आहे.

2027 चा सिंहस्थ समोर आहे. घाट वाढतील, काठ बांधले जातील, कंत्राटे निघतील. लक्षावधी भाविकांची सोय करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे आणि त्यात कोणी आडकाठी घालू नये. परंतु दारणेच्या पात्रात, इगतपुरीकडून भगूर-देवळालीपर्यंत, जेथे पाणी अद्याप खडकांवरून वाहते असे थोडे तरी टप्पे हेरून, तेथे दगड हलवायचा नाही, वाळू उचलायची नाही, बांधकाम करायचे नाही आणि सांडपाणी सोडायचे नाही, असा स्पष्ट लेखी हुकूम जिल्हा प्रशासनाने काढावा. आणि त्यापूर्वी एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ पाण्यात उतरून त्या माशाचा शोध घ्यावा. होरा आणि मिश्रा यांनी त्याची जी नोंद केली, तिला आता नव्वद वर्षे होत आली आहेत. भगूरच्या, देवळालीच्या, चेहेडीच्या ज्या वाचकांना दारणेच्या दगडांवर तळाशी चिकटून राहणारा, बोटाएवढा मासा अजून दिसत असेल, त्यांनी तो न पकडता त्याचे छायाचित्र घ्यावे, जागा व तारीख लिहून ठेवावी, आणि ते महाविद्यालयाकडे पोचवावे, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.