सॉकेट कोणतें घ्यावें?

परवां अमेरिकेहून आमच्या पुतण्याची एक विचारणा सिल्लोडास आली. तो तेथें १९९३ सालची होंडा सिव्हिक मोटार हौसेनें बाळगून आहे, आणि तिचें इंजिन चालविणाऱ्या ईसीयूंत निराळ्या प्रोग्रॅमची चिप बसवूं पाहतो. चिप ठरली, ती ज्यांत बसवावयाची तें सॉकेट ठरेना. वस्तु क्षुल्लक, परंतु दिवाळीनंतर आमचे थोरले बंधु व वहिनी त्याजकडे जाणार असून याच मोटारींतून फिरणार, तेव्हां आम्हीं प्रश्न हंसण्यावारी नेला नाहीं.

या मोटारींतील पी २८ जातीच्या ईसीयूंत बाहेरील चिपेसाठीं २८ छिद्रांची जागा कारखान्यानेंच सोडलेली असते. छिद्रांतील अंतर २.५४ मिलिमीटर व दोन ओळींतील अंतर १५.२४ मिलिमीटर. (अरुंद सॉकेटेंही मिळतात, तीं येथें बसत नाहींत.) सोबत ७४एचसी३७३ ही दुसरी लहान चिप व एक जोडतारही लागते, हें विसरून कित्येकजण सॉकेटालाच दोष देतात.

सॉकेटें मुख्यतः तीन प्रकारचीं. तरफेचें सॉकेट चिप वारंवार बदलण्यास सोयीचें, पण उंच असल्यानें ईसीयूचें झांकण लागणें कठीण. तें प्रयोगाच्या टेबलावरच शोभतें. दुसरें पत्र्याच्या चिमट्यांचें. स्वस्त, पण चिप दहा वेळां काढली-घातली कीं चिमटे सैल पडतात. तिसरें लेथवर कातलेल्या गोल पिनांचें. त्याच्या आंतील बारीक बोटें चिपेचा पाय चहूंकडून धरतात. अजिंठ्याच्या रस्त्यानें जीपमध्यें गेलेल्यास मोटारींतील हादरे म्हणजे काय हें सांगावयास नको. एक पाय क्षणभर सुटला तरी ईसीयू चुकीचा हुकूम वाचतो आणि इंजिन भर रस्त्यांत बंद पडूं शकतें. म्हणून आमचें मत तिसऱ्यास.

सोन्याच्या मुलाम्यास मात्र भुलूं नये. चिपेच्या पायांवर बहुधा कथलाचा लेप असतो, आणि सोनें व कथील यांचा संबंध हादऱ्यांत फार काळ चांगला टिकत नाहीं. मुलाम्यापेक्षां पकड महत्त्वाची. तसेंच चिपेची खाच व सॉकेटाची खाच एकाच बाजूस हवी. उलट बसवून वीज सोडली तर चिप जळण्याचा संभव.

हें ऐकतांच आमच्या धाकट्यानें विचारलें, घरच्या मोटारीस असें करतां येईल काय? नव्या मोटारींत ही स्मृति बोर्डावर पक्की सोल्डर केलेली असते. सॉकेटाचा प्रश्नच उरत नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार करूं देत नाहीं. अमेरिकेंतही धूर-नियंत्रणाच्या योजनेंत ढवळाढवळ करण्यास कायद्यानें मनाई आहे, हेंही पुतण्यास कळविलें.

त्यानें कातीव पिनांचें सॉकेट मागविलें असून, आधीं महिनाभर एकट्यानें मोटार चालवून पाहीन असें लिहिलें आहे. वहिनींनीं तिकिटें तूर्त थांबविलीं आहेत.